भूत मेलेलंच बरं

भीतीच्या खेळात भूत कोणतं घ्यावं, हा प्रश्न ऐकायला पोरखेळ वाटतो. आमच्या घरात मात्र गेले पंधरा दिवस त्यावर चांगलाच वाद पेटला आहे. दोन बहिणी, चार भाचरं, एक मेहुणे आणि मी. मेहुण्यांचं म्हणणं, पोरांनी अभ्यास करावा. ते बाजूला ठेवू. बाकीच्यांचं काय चाललंय ते सांगतो आणि माझं मतही सांगून टाकतो, कारण फोनवर मला कोणी वाक्य पुरं करू देत नाही. इथे तरी शेवटपर्यंत वाचाल अशी आशा आहे.

मोठा भाचा पुण्यात शिकतो. तिथे त्याला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या खेळाचा नाद लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. 'मी दार उघडतो', 'मी विहिरीत डोकावते', असं ज्यानं त्यानं सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरवायचं. फासा वीस बाजूंचा असतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ साली हा खेळ बाजारात आणला. म्हणजे वयानं तो आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठाच आहे.

तर ह्या दिवाळीत सगळी भावंडं असोद्याला जमणार, आणि रात्री मळ्यात भरीत झालं की हा पठ्ठ्या भीतीचा खेळ मांडणार. गोष्ट चार-पाच रात्री चालेल. जागा खानदेशातलीच, भुतंही इथलीच. कल्पना मला फार आवडली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत असताना आम्ही लहानपणी हेच करायचो, फक्त फासे नव्हते. पण त्यानं भुतांची यादी पाठवली आणि तिथे माझी गाडी अडली.

यादीकडे येतो. त्याआधी एक गोष्ट. ह्या खेळात राक्षसांना तोटा नाही. १९७७ साली 'मॉन्स्टर मॅन्युअल' नावाचं पुस्तक निघालं, त्यात साडेतीनशेच्या वर राक्षस आहेत, अगदी कोशासारखे अक्षरानुक्रमे लावलेले. त्यात आपला 'राक्षस'सुद्धा आहे, बरं का. पण कसा? तोंड वाघाचं, हात उलटे, आणि चित्रात स्वारी ऐटीत पाईप ओढत बसलेली! रावणानं पाहिलं असतं तर दहाही तोंडांनी हसला असता. ह्या राक्षसाला मारायचा उपाय म्हणजे धर्मगुरूनं मंतरलेला बाण. एक बाण लागला की खेळ खलास.

आणि माझी पहिली तक्रार नेमकी इथे आहे. अशा पुस्तकातल्या प्रत्येक राक्षसाच्या नावापुढे आकडे असतात. किती घाव सोसेल, किती जोरात मारेल, किती वेगानं पळेल. ज्याच्या जिवाला आकडा आहे, त्याची भीती वाटत नाही. त्याच्याशी कुस्ती होते. खेळणारे मनातल्या मनात वजाबाकी करत बसतात: अजून बारा राहिले, अजून पाच, मेला! कुस्ती मजेची असते, नाही म्हणत नाही. पण कुस्ती बघून कोणाला रात्री एकट्यानं परसात जायची भीती वाटलेली मी ऐकली नाही.

हे त्या लोकांनाही उमगलं असणार. १९८१ साली सँडी पीटरसन ह्यांनी 'कॉल ऑफ कथुल्हू' नावाचा खेळ केला. त्यात जो आकडा महत्त्वाचा तो खेळणाऱ्याचा. प्रत्येक पात्राच्या शहाणपणाला आकडा दिलेला. जे पाहू नये ते पाहिलं की तो घटतो, आणि शून्यावर आला की पात्र कायमचं भ्रमिष्ट. भूत जसंच्या तसं राहतं, झिजतो तो माणूस. भीतीचा हिशोब हा असा हवा. भाच्याला हे पटलं. इथवर आमचं एकमत आहे.

आता यादी. वेताळ, मुंजा, ब्रह्मसमंध, खवीस, झोटिंग, हडळ, जखीण, गिऱ्हा, आसरा, चकवा आणि सर्वांत शेवटी, लाल अक्षरात, मुख्य खलनायिका म्हणून, डाकीण.

यादी वाचून आधी अभिमानच वाटला. आपल्याकडेही 'मॉन्स्टर मॅन्युअल' आहेच की! नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांना अनंत कान्हेऱ्यांनी १९०९ साली 'शारदा' नाटकाच्या वेळी गोळी घातली, त्यांना लोकसमजुती गोळा करायचा छंद होता. गावोगावच्या शाळामास्तरांकडून आलेली टिपणं त्यांनी जमवली होती. ती पुढे एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं संपादून छापली. कोकणावरचा भाग १९१५ साली आला, त्यात भुतांच्या जाती-पोटजाती सापडतात.

'जाती' हा शब्द मी उगाच वापरला नाही. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला बटू. खवीस आणि झोटिंग कोणाचे, हे गावोगाव वेगवेगळं सांगतील, पण जो सांगेल तो बहुतेक दुसऱ्या कोणाच्या तरी जातीचं किंवा धर्माचं नाव घेईल. आपल्या जातीचा खवीस मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. मेल्यावरही माणसाची जात सुटली नाही, असली ही यादी! पोरांनी खेळायला बसण्याआधी एवढं तरी समजून घ्यावं.

दुसरं असं, की भुताची भीती मुलखावर असते. पुण्या-कोकणात मुंजाच्या नावानं पोरं पिंपळाखालून पळत सुटतात. आपल्याकडे तोच मुंजोबा होऊन बसलाय. यावल तालुक्यातल्या अट्रावलला माघात त्याची यात्रा भरते आणि लोक नवस फेडायला जातात. ज्याला नवस बोलायचा त्याला घाबरायचं कसं? वेताळाचंही तेच. गोव्यात तो गावचा देव आहे. हे असोद्यातल्या गच्चीवर आणून 'हूं' करायला लावलं तर आजी आधी हात जोडेल आणि मग पोरांना झापेल. आणि जी भुतं देव झाली नाहीत त्यांची आपण सिनेमात चेष्टा केली. १९९३ च्या 'झपाटलेला'नंतर आमच्या पिढीला बाहुली पाहून भीतीबरोबर हसूही येतं.

म्हणजे यादीतली निम्मी भुतं आधीच गळाली. मग उरली ती लाल अक्षरातली डाकीण. खरा वाद तिच्यावरून आहे.

भाच्याचा बेत असा: सातपुड्याच्या पायथ्याशी एक पाडा आहे. तिथे मुलं आजारी पडतायत, गुरं मरतायत. खेळणाऱ्यांनी पाड्यात जाऊन शोधायचं की ह्यातली डाकीण कोण. शेवटच्या रात्री ती सापडली पाहिजे आणि तिला मारलं पाहिजे. गोष्ट म्हणून बेत बांधीव आहे. चार रात्री संशय, पाचव्या रात्री निकाल. पोरं जाम खूश होतील.

आणि म्हणूनच मी नाही म्हणतोय.

कारण हा खेळ आपल्याकडे आधीच खेळला गेलाय, फाशांशिवाय. नंदुरबार-धुळ्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पट्ट्यात, खऱ्याखुऱ्या बायकांना डाकीण ठरवून मारहाण झालेली आहे, गावाबाहेर काढलेलं आहे, जीवही घेतलेले आहेत. पोर आजारी पडलं, दवाखाना लांब, औषध लागू पडलं नाही, मग कोणीतरी विचारायचं: हे कोणी केलं? उत्तर देणारा भगत हजर असतोच. आणि बोट जातं ते बहुधा एकट्या, म्हाताऱ्या, विधवा बाईकडे, किंवा जिच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा आहे तिच्याकडे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते तिथे वर्षानुवर्षं जात आले ते ह्याचसाठी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. एखाद्या माणसाला करणी करणारा, चेटूक करणारी ठरवून त्याचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

'डाकीण कोण ते शोधा' हे वाक्य ज्या मुलखात पोलीस स्टेशनच्या कागदावर येतं, त्या मुलखात ते खेळाचं उद्दिष्ट म्हणून ठेवायचं? मला नाही जमणार.

ह्यावर भाचा म्हणतो, "मामा, तू फार सिरियस घेतोस. आम्ही सगळे शिकलेले आहोत. खेळून झाल्यावर कोणी उठून कोणाला मारायला जाणार नाही."

बरोबर आहे, जाणार नाही. पण भीतीचं काम असं सरळ रेषेत होत नाही, रे बाबा. एक उदाहरण देतो. आपण सगळे लहान असताना जेवायला नाही म्हटलं की काय ऐकायचो? 'झोळीवाला बुवा येईल आणि झोळीत घालून घेऊन जाईल.' तो बुवा कोण होता? दारावर भिक्षा मागायला येणारा खरा माणूस. सांगणाऱ्या आईच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला फक्त भाताचा घास संपवायचा होता. पण भटक्या माणसाची झोळी आणि पळवलेलं पोर ही जोडी आपल्या डोक्यात अशी घासाघासानं बसली.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवार, बाजाराचा दिवस. मोबाइलवरून आधीच अफवा फिरत होत्या की मुलं पळवणारी टोळी आली आहे. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षा मागायला आले होते, बहुतेक जण सोलापूरकडच्या मंगळवेढा तालुक्यातले. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पाचही गेले.

मोबाइल नवा होता, अफवा नवी होती. झोळीवाला बुवा मात्र जुनाच होता, पिढ्यान्‌पिढ्या डोक्यात तयार बसलेला. त्या दिवशी त्याला फक्त पाच चेहरे मिळाले.

म्हणून माझी कसोटी एकच आहे आणि ती अगदी साधी आहे. भूत निवडताना विचारायचं, की हे उद्या एखाद्या जिवंत माणसाच्या अंगाला चिकटवता येईल का? येत असेल तर ते घेऊ नये. डाकीण चिकटवता येते, झोळीवालाही चिकटवता येतो. खवीस हा अमक्या जातीचा किंवा धर्माचा, असं म्हटलं की तोही चिकटतो. पिंपळावरचा मुंजा नाही चिकटत, तो मेलेला आहे. भूत मेलेलंच बरं.

धाकट्या भाचीनं इथे मला बरोबर कोंडीत पकडलं. ती म्हणाली, "मग हडळ चालेल का? तीही बाईच ना? सगळ्या यादीत बायकाच का वाईट असतात?" प्रश्न एकदम रास्त आहे. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली बाई, असं मानतात. म्हणजे बाई आधी बाळंतपणात मेली, मग आपण तिला उलट्या पायांची करून चिंचेवर बसवली. मला विचाराल तर ह्यात भ्यायचं कारण तिच्याकडे जास्त आहे.

तरीही मी हडळ घ्यायला तयार आहे, एका अटीवर. खेळणाऱ्यांचं काम तिला मारणं हे नसावं. ती का मेली, हे शोधणं असावं. सुईण का बोलावली नाही? बैलगाडी होती, मग तालुक्याला का नेलं नाही? कोण म्हणालं, 'होईल घरीच'? चार रात्री हे शोधत गेलात तर पाचव्या रात्री जी भीती वाटेल तिला उलट्या पायांची गरज पडणार नाही. त्या घरातल्या देवळीतला दिवा, त्या घरातली सासू, तो नवरा, हे सगळे ओळखीचे निघतील. आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टींत प्रत्येक घरात अशी एक तरी गेलेली बाई आहे, जिचं नाव फक्त श्राद्धाच्या दिवशी निघतं.

हे वाचून काहींना वाटेल, मामानं खेळाचा सत्संग केला. तसं नाही. मलाही पोरं घाबरायला हवी आहेत, चांगली टरकायला हवी आहेत. म्हणून माझी शिफारस ऐका. यादीतलं सर्वांत दुर्लक्षित भूत घ्या. चकवा.

चकव्याला दात नाहीत, केस नाहीत, पायच नाहीत तर उलटे कुठून असणार? तो फक्त वाट चुकवतो. माणूस रात्रभर चालतो आणि परत त्याच बांधाशी येतो. लहानपणी म्हातारी माणसं सांगायची की चकवा लागला की चालू नये, आहे तिथे बसावं, उजाडलं की वाट दिसते. किती सोपा नेम! आणि पाळायला किती कठीण! अंधारात, अनोळखी रानात, गप्प बसून राहणं कोणाला जमतं?

आता तो चकवा केळीच्या बागेत घाला. रावेर-यावलकडच्या बागेत कधी रात्री शिरला आहात? पाच-पाच फुटांवर एक झाड, चारी बाजूंना सारखंच. ओळी सारख्या, ठिबकच्या नळ्या सारख्या. वर पानांचं छत, त्यामुळे चांदणी दिसत नाही. वाऱ्यानं फाटलेली पानं एकमेकांवर आपटतात, तेव्हा कोणीतरी पलीकडच्या ओळीत आपल्या बरोबरीनं चालतंय असं वाटतं. थांबलात की तेही थांबतं, कारण वारा थांबलेला असतो... असं आपण म्हणायचं.

डंजन मास्टर साहेब, तुम्ही एवढंच करा. पोरांना बागेचा नकाशा स्वतः काढू द्या. तिसऱ्या वळणाला त्यांना तीच विहीर दाखवा. पाचव्या वळणाला पुन्हा तीच, पण आता काठावर एक चप्पल. त्यांच्यातल्याच एकाची, जी त्याच्या पायात आत्ता आहे. फासे मागितले तर देऊ नका. मग शांतपणे सांगा, 'आपण किती जण निघालो होतो ते मोजा.' आकडा एकानं जास्त भरू द्या. बघा कोण उठून दिवा लावतो ते.

न दिसणाऱ्याची भीती काय असते हे ह्या जिल्ह्यानं खरोखर पाहिलंय. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्या फिरत होता. ऐन कापूस वेचणीचे दिवस. त्यानं माणसं मारली, आणि शेवटी डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. बिबट्या डोळ्यांनी पाहणारे थोडे, पण रान सगळ्यांचंच बदललं. रोजची पाऊलवाट, रोजची कपाशी, आणि तीच परकी वाटू लागते. चकवा हेच करतो. आपल्या ओळखीची जागा आपल्यापासून काढून घेतो. आणि चकवा म्हणून कोणाच्या घरावर दगड मारता येत नाही.

जुनं भूत नकोच असेल तर नवं घडवा. २०१८ च्या 'तुंबाड'मधला हस्तर कुठल्या पुराणात नाही, सिनेमावाल्यांनी तो घडवला. पण पिठाचं रिंगण, पिठाची बाहुली, काय चालतं आणि काय चालत नाही ह्याचे नेम इतके पक्के की तो आपल्याच आजोळचा वाटतो. त्यातला खरा राक्षस माणसाची हाव आहे, हे सांगायला नको. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून वाढलेल्यांना हे नवीन नाही. घरातलंच काहीतरी थोडंसं जागेवरून हललेलं असतं, आणि आपण पानं उलटत राहतो.

आणखी एक नेम मी मळ्यात लागू करणार आहे. परदेशात हे खेळ खेळणारे टेबलाच्या मध्ये फुलीचं एक कार्ड ठेवतात. गोष्ट कोणाला झेपेनाशी झाली तर त्यानं कार्डाला बोट लावायचं. कारण सांगायचं नाही, विचारायचं नाही, गोष्ट तिथून वळते. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपल्या घरात कोणाचं माणूस विहिरीत गेलंय, कोणाचं बाळंतपणात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पोरांना माहीत नसेल. गंमत सगळ्यांची असावी.

तर ताई, माझं मत झालं. डाकीण यादीतून काढा. बाकी बेत उत्तम आहे. वांगी मी आणतो, काड्या मळ्यात आहेत.

बहिणाबाई ह्याच असोद्यात १८८० साली जन्मल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं शेत, विहीर, पाखरू, जातं ह्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्यातून केवढं काय काय उभं केलं. त्या गावच्या पोरांना एक भूत तरी नीट पाहून निवडता यायला हवं, एवढंच म्हणणं आहे. तुमच्या गावाकडचं एखादं भूत असेल, ज्याला चेहरा नाही आणि जात नाही, तर मला जरूर सांगा. दिवाळीला अजून वेळ आहे, आणि चार रात्रींना एकटा चकवा पुरणार नाही.